समोरच्याला पटवून देणं आणि त्याच्या गळ्यात मारणं, फरक नेमका कुठे पडतो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी नवीन विमा एजंट आहे. ब्रँचच्या मीटिंगमध्ये साहेबांनी एक स्क्रिप्ट दिली. आधी 'उद्या तुम्ही नसलात तर मुलांचं काय' म्हणायचं, मग गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, आणि शेवटी 'हा प्लॅन महिनाअखेर बंद होतोय' सांगून फॉर्म पुढे सरकवायचा. तीच स्क्रिप्ट वापरून तिने शेजारच्या रिटायर्ड शिक्षक काकांना नातवाच्या नावाने पॉलिसी दिली, वर्षाला १ लाख, १० वर्षं. काकांनी विचारलं एवढी वर्षं जमलं नाही तर? ती म्हणाली 'तीन वर्षं भरा, पुढे नाही जमलं तरी चालतं.' आता तिला झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात अगं विक्री म्हणजे हेच, आई मुलाला जेवायला घालताना पण काहीतरी सांगूनच घालते, सगळेच एकमेकांना वळवतात, मग यात वेगळं काय.

मी या धंद्यात पंचवीसेक वर्षं आहे, आधी एजंट, आता नवीन पोरापोरींना शिकवते, आणि हा प्रश्न दर बॅचमध्ये कुणीतरी एकजण चहाच्या वेळी हळूच विचारतंच. उत्तर लांब आहे, बसा.

पहिल्यांदा तीन कसोट्या बाजूला काढते, कारण लोक त्याच लावतात आणि तिन्ही कामाच्या नाहीत. एक, 'मी भावना आणल्या म्हणजे मी गंडवलं.' असं नसतं हो. ज्याच्यावर ४० लाखांचं होमलोन आहे, घरात एकटा कमावता आहे, पदरात लहान मूल आहे, त्याला तुम्ही मरणाबद्दल बोलणार नाही तर कुणाला बोलणार? ती भीती खरी आहे, आणि ती दाखवणं तुमचं कामच आहे. दोन, 'यात माझा फायदा होता म्हणजे गडबड आहे.' डॉक्टर पण फी घेतो, वकील पण घेतो. आणि तिसरी सगळ्यात फसवी, 'मी एक शब्द खोटा बोललो नाही.' माझ्या अनुभवात लोकांना बुडवणारी बहुतेक वाक्यं खरीच असतात.

मग कसोटी काय? मी शिकवते ती एकच. तुम्ही जी युक्ती वापरताय ती समोरच्याला मोठ्याने सांगा, निदान मनात तरी सांगून बघा, आणि सांगितल्यावरही ती चालते का बघा. चालत असेल तर तुम्ही पटवून देताय. सांगितल्याबरोबर युक्तीची हवा निघून जात असेल, तर ती समोरच्याच्या न कळण्यावरच चालली होती.

हे पुस्तकी वाटेल म्हणून एक दाखवते. पारंपरिक पॉलिसीच्या इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पुढे किती मिळू शकेल त्या अंदाजाच्या, कागदावर दोन रकाने असतात, एक ४ टक्के धरून आणि एक ८ टक्के धरून, दोन्ही दाखवायचे हा विमा नियामक आयआरडीएआयचाच नियम, कारण बोनस काय मिळेल ते आज कुणालाच माहीत नसतं. (आणि हे ४ आणि ८ सुद्धा ग्राहकाच्या हातात पडणारे दर नव्हेत, कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेला अंदाज तो, खर्च जाऊन हाताला लागतं ते कमीच.) आता मुरलेला एजंट काय करतो, कागद फिरवून ग्राहकाकडे करतो, डावा तळहात सहज टेकल्यासारखा ४ टक्क्यांच्या रकान्यावर ठेवतो आणि उजव्या हातातल्या पेनाने ८ टक्क्यांखालच्या शेवटच्या आकड्याला गोल करतो. दोन गोल. मग पेन तिथेच ठेवून ग्राहकाकडे बघतो. कागद खरा, आकडा खरा, सही पण ग्राहकाची. पण हेच तोंडाने बोलून बघा, 'काका, इथे एक छोटा आकडा आहे, तो तुम्हाला दिसू नये म्हणून मी हात ठेवलाय.' झालं, संपलं. याउलट 'काका, हे दोन आकडे आहेत, मी कमीवालाच धरून चालते, तो पटत असेल तर घ्या' हे बोलण्यात लपवायला काहीच नाही, आणि तरीही हा प्रभावच आहे, मी काकांना एका दिशेला नेतेच आहे, फक्त दिवा लावून नेतेय.

दुसरं उदाहरण 'दुप्पट' या शब्दाचं. वर्षाला १ लाख, १० वर्षं भरा, विसाव्या वर्षाअखेर २० लाख घ्या, पैसे दुप्पट! खरं आहे की नाही? खरं आहे. आता परतावा काढा, साधारण साडेचार टक्के येतो. बँकेच्या एफडीशी तुलना कुणीही करू शकेल, पण 'दुप्पट' म्हटलं की माणूस टक्क्यांचा विचारच सोडून देतो, आणि तो सोडावा म्हणूनच तो शब्द स्क्रिप्टमध्ये असतो. मी काय म्हणते, दुप्पट म्हणा, खुशाल म्हणा, पण त्याच दमात म्हणा की हे वर्षाला साडेचार टक्के पडतं, वर विमा आहे, वर शिस्त लागते म्हणून काही लोकांना आवडतं. आणि असे लोक आहेत बरं का, ज्यांना माहितीये की हातात पैसा आला की तो टिकत नाही, ते सगळं कळून घेतात, त्यांना कुणी फसवलेलं नसतं.

आता घाईबद्दल, कारण तुमच्या स्क्रिप्टचा शेवट त्यावरच आहे. घाई कधीकधी खरी असते. २०२३ च्या बजेटमध्ये आलं की १ एप्रिल २०२३ पासून निघालेल्या पॉलिसींचे, युलिप (बाजाराशी जोडलेल्या पॉलिसी) सोडून, वर्षाचे सगळे हप्ते मिळून ५ लाखांच्या वर जात असतील तर मॅच्युरिटीची रक्कम करमुक्त राहणार नाही. त्या मार्चमध्ये ज्याला खरंच मोठा हप्ता बसवायचा होता त्याला '३१ च्या आत घ्या' सांगणं म्हणजे चोख सल्ला होता. पण तोच निरोप ३० हजारांचा हप्ता भरणाऱ्या माणसांनाही गेला, 'एक एप्रिलपासून विम्यावर टॅक्स लागणार, आत्ताच घ्या', आणि माणसं धावत आली. नियम खरा, तारीख खरी, फक्त त्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि पाठवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. तसंच 'टॅक्स वाचेल'चं. नव्या करप्रणालीत ८०सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी, वजावट नाहीच, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू असते, पण समोरचा कुठल्या प्रणालीत आहे हे विचारायचे कष्ट किती एजंट घेतात? विचारलं तर विक्री जाईल म्हणून विचारत नाहीत, आणि मुद्दाम न विचारणं हे सुद्धा करणंच असतं.

गप्प बसण्याचं इथेच बोलून घेते. आपला करार कायदा १८७२ चा आहे, जुना, पण त्यातली उदाहरणं वाचा, मजा येते. कलम १७ मध्ये घोड्याचं आहे. लिलावात एकजण आजारी घोडा विकतो, काही बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की गप्प बसणं कधी चालतं आणि कधी नाही हे नात्यावर आणि विश्वासावर ठरतं. काका तुमच्याकडे बाजारातली एजंट म्हणून बघत नव्हते, शेजारची पोरगी म्हणून बघत होते. तुम्ही त्या घोड्याच्या उदाहरणातल्या बापाच्या जागी होतात.

आणि मग भीड. आपल्याकडे ही सगळ्यात मोठी गोष्ट, इंग्रजी सेल्स ट्रेनिंगमध्ये हिच्यावर एक ओळ सापडत नाही आणि आपला निम्मा धंदा हिच्यावर चालतो. आत्याचा मुलगा एजंट झाला, त्याने चहा घेतला, आईची चौकशी केली, पिशवीतून कॅलेंडर काढून दिलं, आणि निघताना म्हणाला 'दादा, एकच पॉलिसी कमी पडतेय बघ मार्चला.' दादा काय करणार? भिडेखातर घेतो. भीड ही भिकेची बहीण असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत. आता हा आत्याचा मुलगा खोटं बोलला का? उलट त्याने तर सगळं उघड सांगितलं, की माझं टार्गेट आहे, मला मदत कर. मग माझ्या कसोटीत तो पास झाला की!

इथेच माझी कसोटी एकटी पुरत नाही, आणि म्हणून मी तिला एक शेपूट जोडते. समोरच्याला फुकटात 'नाही' म्हणता येतंय का? दादाने नाही म्हटलं तर दिवाळीला आत्या बोलणार नाही, ही किंमत आहे, आणि ती किंमत आत्याच्या मुलाने लावलीय, तीही न बोलता. करार कायद्याच्या कलम १६ चा गाभा जवळपास हाच आहे. एकाचा दुसऱ्याच्या मनावर ताबा असेल आणि त्या ताब्याचा वापर करून त्याने अन्यायाचा फायदा उकळला, तर तो करार रद्द करून घेता येतो. तिथलं एक उदाहरण म्हातारपणाने किंवा आजाराने खचलेल्या माणसाचं आहे, त्याच्यावर उपचार करणारा माणूस स्वतःसाठी अवाच्या सवा रक्कम कबूल करून घेतो. म्हणून नात्यात विकायचं असेल तर मी पोरींना सांगते, 'नाही'चा दरवाजा तुम्ही स्वतः उघडून द्या. 'काकू, नाही म्हणालात तरी संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येणारच आहे मी' असं हसत म्हणा, आणि खरंच जा.

लोनच्या टेबलावर तर याचं उघडंनागडं रूप दिसतं. लोन मंजूर होतंय, फाइल समोर आहे, आणि तिकडून येतं 'एक छोटी पॉलिसी करावी लागेल सर, सिस्टीम पुढे जात नाही.' लॉकरला पण तेच. लॉकरसाठी बँकेला फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागता येते, पॉलिसीचा आणि लॉकरचा काही संबंध नाही. 'सिस्टीम पुढे जात नाही' हे वाक्य ज्याने कुणी शोधून काढलं त्याला नमस्कार, कारण सिस्टीमशी भांडणार कोण.

आणि हे माणसंच करतात असं नाही, स्क्रीन पण करते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची, म्हणजे स्क्रीनवर ग्राहकाला चकवून वळवणाऱ्या युक्त्यांवरची, नियमावली काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. विमानाचं तिकीट काढताना आपोआप जोडला जाणारा प्रवास विमा त्यात आहे, आणि विमा नको म्हणायला 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचं वाक्य असलेल्या बटणावर बोट ठेवायला लावणं, ते पण आहे. वाचून मला हसूच आलं, आमच्या जुन्या एजंट लोकांची आख्खी विद्या कुणीतरी बटणात भरली की.

आता घरच्यांच्या मुद्द्याकडे येते, की चांगल्यासाठी केलं तर काय बिघडलं. हा मुद्दा मी हलका समजत नाही. समजा एक ट्रकवाला आहे, विमा नाही, ऐकत नाही, आणि एजंटने त्याच्या बायकोला समोर बसवून, गावातल्या एका विधवेची कहाणी थोडी तिखटमीठ लावून सांगून, बाईला रडवून टर्म प्लॅन (निव्वळ मृत्यूचा विमा) घ्यायला लावला. प्लॅन उत्तम, गरज खरी. तरी मी त्याला शाबासकी देत नाही. एक तर व्यवहारातलं कारण आहे. आमच्या धंद्यात तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी बघतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती जणांनी भरला. रडवून दिलेली पॉलिसी पहिल्या वर्षी बसते, दुसऱ्या वर्षी रडायला कुणी नसतं, हप्त्याची नोटीस येते आणि माणूस ती बाजूला टाकतो, कारण आपण हे का घेतलं होतं तेच त्याला सांगता येत नाही. ज्याला पटलेलं असतं तो दुसऱ्या वर्षी स्वतः फोन करतो. दुसरं, 'त्याच्या भल्यासाठी' हे ठरवणारी तीच व्यक्ती जिला कमिशन मिळणार, आणि पहिल्या वर्षाचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. अशा वेळी स्वतःच्या चांगुलपणावर फार भरवसा ठेवू नये.

त्याच ट्रकवाल्याशी मी कशी बोलले असते? त्याच्या वहीतून. ट्रकचा हप्ता किती, घरखर्च किती, गावाकडे किती पाठवतोस, सगळं त्यालाच लिहायला लावायचं, मग म्हणायचं आता मिळकतीच्या ओळीवर काट मार. मारतो तो. मग बाकीचे आकडे तो स्वतःच बघत बसतो. आहे ना भीती यात? आहे की, चांगली खणखणीत आहे. पण आकडे त्याचे, अक्षर त्याचं, आणि मी म्हणू शकते की भाऊ, हे मी मुद्दाम लिहून घेतलं, कारण तोंडी सांगितलेलं तुला लागत नाही. म्हटल्यावरही वही तीच राहते. त्यानंतर मी उठते. तिथल्या तिथे सही घेत नाही, दोन दिवस देते, आणि त्या दोन दिवसांत काही विक्री हातची जाते, हे पण खरं सांगते.

मधले प्रकार आहेतच. तीन प्लॅन दाखवताना मी महागडा आधी दाखवते की स्वस्तातला? जो आधी दाखवीन त्याने पुढच्याची किंमत हलकी किंवा जड वाटणार. कुठला तरी आधी दाखवावाच लागतो, त्याला इलाज नाही. मी तिन्ही एका कागदावर लिहून देते आणि माझा सल्ला कुठला ते बोलते, कमिशन विचारलं तर तेही सांगते. आमच्या आचारसंहितेत आहे की ग्राहकाने विचारलं तर सांगायचं. याहून स्वच्छ मला जमलेलं नाही. स्तुतीचं पण तसंच. 'सर, तुमच्यासारखा दूरदृष्टीचा माणूस' वगैरे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं मी बंद करायला सांगते, पण एखाद्या बाईने खरंच काटकसरीने पोरांना शिकवलं असेल तर तसं म्हणायला काय हरकत आहे.

ग्राहकही साधा नसतो हं. 'ताई, पहिला हप्ता तुम्ही भरा, मग पुढचे दोन भाऊ पण तुमच्याकडेच' असं कोपराला गूळ लावणारे पुष्कळ भेटतील. त्याला रिबेट म्हणतात, विमा कायद्याच्या कलम ४१ खाली मनाई आहे, १० लाखांपर्यंत दंड आहे, सरळ नाही म्हणा. आणि तुमचे साहेब तुमच्याशी काय करतायत तेही बघा. 'सगळ्यांची झाली, फक्त तुझीच एक राहिली' हे मीटिंगमध्ये प्रत्येकीला वेगवेगळं गाठून सांगितलं जातं. तुम्ही शेजारच्या काकांकडे गेलात ते याच वाक्यामुळे, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.

तर काका. 'तीन वर्षं भरा मग चालतं' हे तुमचं वाक्य सगळ्यात वाईट, स्क्रिप्टमधल्या मरणाच्या वाक्यापेक्षा पण. चालतं म्हणजे पॉलिसी पेड-अप होते, विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कापली जाते, १० पैकी ३ भरले तर साधारण तेवढ्याच हिश्शावर येते, आणि पैसे काढून घ्यायचे म्हटलं तर ३ लाखांतला मोठा भाग जातो. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी पहिल्या वर्षानंतरही थोडंफार परत मिळायची सोय झालीय, पण भरलेले सगळे परत मिळतात असं कुणी समजू नये. काकांना 'चालतं'चा अर्थ 'नुकसान नाही' असा लागला, आणि तो तसाच लागावा म्हणून ते वाक्य घडवलेलं आहे.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक, म्हणजे पॉलिसी रद्द करून पैसे परत घ्यायची मुदत, असतो, ई-पॉलिसी असली तरी. तुम्ही लिहिलंय की कागद येऊन दहा-बारा दिवस झालेत, म्हणजे वेळ आहे. उद्याच जा. माफी मागत बसू नका, त्याने काका उलट तुमची समजूत घालायला लागतील आणि 'राहू दे गं पोरी' म्हणून पॉलिसी ठेवतील, परत भीडच. इलस्ट्रेशनचा कागद काढा, दोन्ही रकाने दाखवा, साडेचार टक्क्यांचा हिशोब त्यांच्या वहीत त्यांच्याकडून करून घ्या, गणिताचे मास्तर असतील तर तुमच्याआधी करतील. तिसऱ्या वर्षी थांबलं तर काय होतं ते आकड्यात लिहून द्या. त्यांची पेन्शन किती आणि १ लाख कुठून येणार हे विचारा, हे पहिल्या दिवशी विचारायचं होतं. मग सांगा की रद्द करायची असेल तर अर्ज मी लिहून आणलाय, मुलाशी बोला, परवा येते.

रद्द केली तर स्टँप ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च, आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा हप्ता एवढं कापून बाकी पैसे खात्यात येतात. तुमचं कमिशन परत जाईल, साहेब बोलतील. आणि काका म्हणाले की सगळं कळलं, तरी नातवासाठी ठेवायचीच आहे, तर ठेवू द्या, त्यांचे पैसे आहेत. अर्ज द्यायचा ठरला तर ब्रँचमध्ये काकांना बरोबर घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासकट पोच घ्या, नुसत्या 'हो, बघतो'वर परत येऊ नका.